आविष्कारच्या बोर्डापुढे: पोस्टर, बोलणं आणि वहीतली पानं

प्रश्न: "आमचं तालुक्याच्या गावातलं कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. यंदा 'आविष्कार' संशोधन स्पर्धेचं समन्वयकपद पहिल्यांदाच माझ्याकडे आलं आहे. मुलांचे प्रकल्प बरे असतात, पण महाविद्यालयाबाहेरच्या पहिल्याच फेरीत ती मागे पडतात. पोस्टर आणि तोंडी सादरीकरण यांची तयारी नेमकी कशी करून घ्यावी?"

मुलं मागे पडतात ती सहसा पोस्टरच्या रंगरूपामुळे नाही. परीक्षक बोर्डापुढे येतात, एका आकड्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हा कसा आला?" मुलगी गर्दीत मार्गदर्शकांना शोधू लागते. गुण तिथेच जातात. म्हणून सगळ्या तयारीला एकच नियम लावा: ज्या आकड्यामागे किंवा वाक्यामागे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीतलं पान नाही, ते पोस्टरवर जाणार नाही. आकार, अक्षर, छपाई, बोलणं हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते या नियमानंतर.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा 'आविष्कार' २००६ मध्ये कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या, पुढाकारातून सुरू झाला. महाविद्यालय, मग जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ आणि शेवटी राज्य अशी त्याची चढण आहे. मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, विशुद्ध विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व औषधनिर्माण अशा शाखा आणि पदवी, पदव्युत्तर, त्यापुढचे संशोधक असे स्तर असतात. आधी पोस्टर आणि त्यातून निवडलेल्यांचं तोंडी सादरीकरण, अशी रीत आहे. पोस्टरचा आकार, सादरीकरणाची वेळ, भाषा, गटात किती जण, पोस्टरवर महाविद्यालयाचं नाव चालतं की फक्त सांकेतिक क्रमांक, हे विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात असतं. परिपत्रक आलं की त्यातले हे पाच मुद्दे एका कागदावर उतरवून विभागाच्या फलकावर लावा. गेल्या वर्षीच्या पोस्टरवर भरवसा ठेवू नका.

आता वेळापत्रक. बऱ्याच महाविद्यालयांत परिपत्रक हातात पडल्यावर विषय शोधायला सुरुवात होते. मग उरलेल्या चार-सहा आठवड्यांत जे जमेल ते संशोधन. ज्या विषयाला ऋतू लागतो तो विषय तिथेच बाद होतो. विहिरीच्या पाण्याचा अभ्यास करायचा असेल तर पावसाळ्याआधीचा नमुना मे महिन्यातच घ्यावा लागतो. सप्टेंबरमध्ये तो कुठून आणणार? म्हणून विषय एप्रिलमध्ये, परीक्षांच्या आधी ठरवा. द्वितीय वर्षाची मुलं निवडली तर मे ते नोव्हेंबर असा पूर्ण पट्टा मिळतो आणि स्पर्धेच्या वेळी ती तृतीय वर्षात, म्हणजे अजून महाविद्यालयातच असतात.

पुढचं सगळं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. रसायनशास्त्राच्या दोन मुली उसाच्या पट्ट्यातल्या २४ विहिरींचं पाणी मे आणि नोव्हेंबरमध्ये तपासतात आणि त्यातलं नायट्रेट, म्हणजे खतांमधून पाण्यात उतरू शकणारा क्षार, मोजतात. आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, पण चुका नेहमीच्या आहेत.

पहिली चूक मथळ्यात. "परिसरातील विहिरींच्या पाण्याच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा अभ्यास" या मथळ्यात प्रश्नच नाही, त्यामुळे उत्तरही नाही. असा प्रकल्प मग पीएच, क्षारता, काठिण्य, क्लोराइड, टीडीएस अशा दहा गोष्टी मोजतो आणि दहांबद्दलही काही सांगत नाही. मथळा असा करा: "पावसाळ्यानंतर उसाच्या पट्ट्यातील विहिरींत नायट्रेट वाढते का? २४ विहिरींची मे व नोव्हेंबरमधील तपासणी." वाचणाऱ्याला प्रश्न कळला, नमुना कळला, काळ कळला. बाकीची मोजमापं वहीत राहू द्या. कुणी विचारलं तर दाखवता येतात.

दुसरी चूक एककाची. ही इतकी सर्रास होते की छपाईआधी मार्गदर्शकांनी स्वतः तपासावी. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२ची आवृत्ती) पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम देतं आणि त्यात सवलत ठेवत नाही. ही मर्यादा 'नायट्रेट' म्हणून मोजलेली आहे. पण प्रयोगशाळेतली पद्धत किंवा तयार संच पुष्कळदा उत्तर 'नायट्रेटमधला नायट्रोजन' म्हणून देतो. त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. लिटरला ११ मिलिग्रॅम आलं आणि तसंच ४५ शी ताडलं तर विहीर सुरक्षित वाटते. गुणाकार केला तर ११ × ४.४३ = ४८.७, म्हणजे मर्यादेबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेचा ५० हा आकडा नायट्रेटचा आहे, अमेरिकेतला १० हा नायट्रोजनचा. मुलं तिन्ही आकडे इंटरनेटवरून उचलून एकाच तक्त्यात बसवतात. तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे हे लिहायला लावा.

तिसरी चूक मोजणीच्या आलेखाच्या टोकाला लपलेली असते. नायट्रेट मोजायला अतिनील वर्णपटमापीवर २२० नॅनोमीटरला शोषण मोजायचं, सेंद्रिय पदार्थांचा अडथळा काढायला २७५ ला पुन्हा मोजायचं आणि त्याची दुप्पट पहिल्यातून वजा करायची, अशी ही पद्धत. ५० मिलिलिटर नमुन्यात १ मिलिलिटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. वजा करायची रक्कम २२० च्या वाचनाच्या १० टक्क्यांहून जास्त निघाली तर त्या नमुन्याला ही पद्धत लावू नये. प्रमाण द्रावणांचा, म्हणजे ज्यांतलं नायट्रेट आधीच माहीत आहे अशा द्रावणांचा, आलेख लिटरला ७ मिलिग्रॅम नायट्रोजनपर्यंत काढायचा असतो, म्हणजे साधारण ३१ मिलिग्रॅम नायट्रेट. आता बघा: मर्यादा ओलांडणारी प्रत्येक विहीर या आलेखाच्या बाहेर पडते. तो नमुना पातळ करूनच, म्हणजे १० मिलिलिटरचे ५० करून, मोजावा लागतो आणि आलेल्या उत्तराला ५ ने गुणावं लागतं. ज्या मुलींनी हे केलं त्यांच्या वहीत 'पाचपट पातळ' असं लिहिलेलं असतं. जाणकार परीक्षक नेमकं तेच विचारतात: "जास्तीत जास्त प्रमाण द्रावण किती घेतलं? मग ६० कसे मोजलेत?" वहीतलं ते पान स्पर्धेच्या दिवशी बरोबर हवं. नमुना ४ अंश सेल्सियसला ठेवून ४८ तासांत मोजला का, हाही प्रश्न येतो. म्हणून बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहायची सवय मे महिन्यातच लावा.

चौथी गोष्ट संख्याशास्त्राची. एका नमुन्याची तीन वाचनं घेतली तर तीन विहिरी होत नाहीत. २४ विहिरी, दोन हंगाम, तीन-तीन वाचनं मिळून १४४ आकडे जमतात आणि मुलं पोस्टरवर 'नमुने १४४' लिहितात. नमुने २४ विहिरींचे, दोनदा घेतलेले. तीन वाचनांची सरासरी हे एक मोजमाप. तुलना त्याच विहिरीची तिच्याशीच आहे, म्हणून चाचणी जोडीची हवी: फरक साधारण सममित पसरलेले असतील तर जोडीची टी-चाचणी, एखाद-दुसरी विहीर फारच वर गेली असेल तर विल्कॉक्सनची, जी फरकांच्या क्रमांवर चालते. एक्सेलमध्ये टी-चाचणीच्या सूत्रात शेवटी प्रकार विचारतो. तिथे १ म्हणजे जोडीची. सवयीने २ किंवा ३ टाकलं की जोडी तुटते. सरासरीपुढे ± लिहिलं तर ते प्रमाण विचलन आहे की प्रमाण त्रुटी हे तिथेच लिहा.

आता पोस्टर. पोस्टरचा आकार बहुधा १ मीटर × १ मीटर असतो. तो मोठा वाटतो, आणि त्यामुळे लोक त्यात प्रकल्प अहवाल कोंबतात. हजार-बाराशे शब्दांचं पोस्टर बोर्डापुढे उभं राहून कुणी वाचत नाही. ४०० ते ५०० शब्द पुरे. दीड मीटरवरून वाचता यावं म्हणून मथळा ८० ते ९० पॉइंट, उपमथळे ४४ च्या आसपास, मजकूर २८ ते ३२ आणि आकृतीखालच्या ओळी २४ पेक्षा लहान नाहीत. देवनागरीत वर-खाली मात्रा येतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. इंग्रजीच्या अंतरात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटतात. छपाईआधी पोस्टर ए-४ कागदावर काढा. एक मीटरचं १९-२० सेंटिमीटर झालं की २८ पॉइंटचं अक्षर साडेपाचच्या आसपास येतं. तो कागद हातभर अंतरावर धरून चष्म्यानिशी वाचता आला तर पोस्टर वाचता येईल. न आल्यास अक्षर वाढवू नका, शब्द कमी करा.

जागेची वाटणी समसमान करायची गरज नाही. प्रस्तावनेला तीन ओळी, त्यात प्रश्न. पद्धतीला एक छोटा नकाशा आणि चार-पाच ओळी: विहिरी कशा निवडल्या, कधी, कसं मोजलं, पडताळणी काय केली. मधली अर्धी जागा एका आलेखाला द्या. या उदाहरणात २४ रेघांचा आलेख सर्वांत बोलका होईल: डावीकडे मे, उजवीकडे नोव्हेंबर, प्रत्येक विहिरीचे दोन ठिपके एका रेघेने जोडलेले आणि ४५ वर आडवी तुटक रेघ. ज्या विहिरींनी ती रेघ ओलांडली त्या गडद लाल, बाकीच्या राखाडी. परीक्षकांना विहीर कुठून कुठे गेली ते तीन सेकंदांत दिसतं. सरासरीचे दोन खांब काढले तर हेच सगळं झाकलं जातं. त्रिमितीय खांब नकोत, शून्याऐवजी ३० पासून सुरू होणारा उभा अक्ष नको, आणि ४७.३८२६ असे दशांश नकोत. मोजण्याची क्षमता जेवढी, तेवढेच अंक.

निष्कर्ष एका वाक्यात आकड्यासह लिहायला लावा: "मेमध्ये २४ पैकी ५ विहिरी मर्यादेबाहेर होत्या, नोव्हेंबरमध्ये ११." त्याखाली अभ्यासाची मर्यादा, तीही मोकळेपणाने: "खताची मात्रा मोजलेली नाही, एकाच वर्षाचा अभ्यास." पुष्कळ मार्गदर्शक ही ओळ काढायला लावतात, गुण जातील म्हणून. उलट ती नसली की परीक्षक ती स्वतः शोधून काढतात, आणि मग ती मर्यादा न राहता चूक ठरते. 'जागृती करणे आवश्यक आहे', 'शासनाने लक्ष द्यावे' अशा ओळी मात्र खुशाल काढा. त्यांच्यामागे वहीतलं पान नसतं.

छपाईकडे वळू. पॉवरपॉइंटमध्ये काम सुरू करतानाच पानाचा आकार १०० × १०० सेंटिमीटर करा. शेवटी आकार बदलला की सगळी मांडणी ताणली जाते. फोटो व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून आले की दाबले जातात, 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. एक्सेलचा आलेख स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका, थेट कॉपी करून आणा. फाइल पीडीएफमध्ये काढा. पॉवरपॉइंटमधून थेट जेपीजी काढली तर ती कमी रेझोल्यूशनची निघू शकते. एक मीटरवर बरी छपाई हवी तर बाजूला ५,९०० च्या आसपास पिक्सेल लागतात.

खरा घोळ फ्लेक्सच्या दुकानात होतो आणि तो मराठी पोस्टरलाच होतो. दुकानदार पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडतो. तिथे मजकूर 'टेक्स्ट' म्हणून घेतला की ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' सुटा होतो, 'खोऱ्यातील'चा 'ऱ्या' मोडतो. उघडताना 'टेक्स्ट'ऐवजी 'कर्व्हज' निवडायला सांगा, म्हणजे अक्षरं चित्र म्हणून येतात. मुलांपैकी कुणीतरी दुकानात बसून पडद्यावर 'विहिरी', 'राष्ट्र', 'खोऱ्यातील', 'निष्कर्ष' हे चार शब्द आणि सूत्रांतले सगळे खालचे-वरचे अंक बघावेत, मग छपाईला हो म्हणावं. मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप झाला असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा आणि रूपांतरानंतर अख्खं पोस्टर पुन्हा वाचा. रूपांतरात 'क्ष', 'ज्ञ' आणि रफार हमखास बिघडतात. पडद्यावरचा झगमगीत निळा छपाईत जांभळट उतरतो, हिरवा मळकट होतो. लाल, काळा, राखाडी सुरक्षित. पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी फिकी. मागे विहिरीचा फोटो टाकून त्यावर मजकूर लिहिण्याचा मोह टाळा. चकचकीत फ्लेक्सवर सभागृहातल्या ट्यूबलाइटचा पट्टा पडतो, मॅट मिळालं तर ते घ्या. फ्लेक्सची घडी घालू नका, घडीची पांढरी रेघ जात नाही. छापील बाजू बाहेर ठेवून पाइपवर गुंडाळा, म्हणजे लावल्यावर कडा बोर्डाकडे वळतात, बघणाऱ्याच्या अंगावर येत नाहीत.

सगळेच प्रकल्प विज्ञानाचे नसतात, आणि मानव्यविद्येच्या मुलांवर विज्ञानाचा साचा लादला की त्यांचं पोस्टर मरतं. समजा मराठीची विद्यार्थिनी शेतीच्या अवजारांच्या बोलीतल्या नावांचा अभ्यास करते आहे. पेरणीच्या अवजाराला कुठे पाभर म्हणतात, कुठे तिफण. तिचा 'आलेख' म्हणजे नकाशा: कोणत्या गावात कोणता शब्द, कुठे दोन्ही. तिची 'वही' म्हणजे ध्वनिमुद्रणं आणि त्यांची यादी: गाव, सांगणाऱ्याचं वय, शेती स्वतः करतात का, बैलाने की ट्रॅक्टरने, मुद्रणाची तारीख, संमती. एका शेतकऱ्याचं एक वाक्य, जसं उच्चारलं तसं, पोस्टरच्या मध्यभागी मोठ्या अक्षरात द्या आणि खाली त्याचं विश्लेषण. टक्केवारीचे गोल तुकडे तिथे कशालाच लागत नाहीत. मुद्रण मोबाइलवर ठेवून परीक्षकांना तो उच्चार ऐकवता आला तर त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही.

वाणिज्यात सर्वेक्षणांचा पूर असतो. गुगल फॉर्म मित्रांच्या ग्रुपवर टाकून आलेली १२० उत्तरं म्हणजे 'महाराष्ट्रातील ग्राहक' नव्हेत. ती त्या ग्रुपमधली माणसं. त्यापेक्षा आठवडी बाजारातल्या एका ओळीतले सगळे भाजीविक्रेते, समजा ४०, प्रत्यक्ष भेटून विचारले तर अभ्यास लहान पण पक्का होतो. नमुन्याचा आकार सूत्राने काढल्याचं पोस्टरवर लिहिलं असेल तर ते सूत्र यादृच्छिक निवडीसाठी असतं, हे विद्यार्थ्याला माहीत हवं. नाहीतर ते सूत्र काढून टाका आणि जसं निवडलं तसं लिहा.

दोन कागद आधी तयार हवेत. माणसांवरचा अभ्यास असेल, त्यातही आरोग्याची माहिती किंवा रक्ताचे नमुने असतील, तर नीतिमत्ता समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी लागते. नंतरच्या तारखेचं पत्र परीक्षक लगेच ओळखतात. प्राण्यांवरच्या कामालाही तेच. दुसरा कागद उचलेगिरी तपासणीचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, पण तो आकडा दाखवून सुटका होत नाही. पोस्टरवरची आकृती दुसऱ्याची असेल तर तिच्याखाली नाव हवंच.

अभियांत्रिकीच्या किंवा शेती-अवजारांच्या गटात खरंच नवं उपकरण केलं असेल तर एक धोका ध्यानात ठेवा. बोर्डावर लावलं म्हणजे ते जाहीर झालं, आणि जाहीर झालेल्या गोष्टीचं पेटंट अडतं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला आहे. महाविद्यालयातल्या फेरीला ती मिळेल असं धरून चालू नका. आधी पेटंटसाठी तात्पुरतं विवरणपत्र (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन) दाखल करा, पूर्ण विवरणपत्राला त्यानंतर १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सूट आहे, म्हणून अर्ज संस्थेच्या नावाने करणं परवडतं.

बोलण्याची तयारी पाठांतराने होत नाही. पाठ केलेलं भाषण मध्येच तोडलं की मूल पुन्हा पहिल्या ओळीवर जातं, आणि परीक्षक मध्येच तोडतातच. दीड मिनिटाचा मजकूर स्वतःच्या बोलीत तयार करून घ्या, १५० शब्दांच्या आत. उदाहरणातल्या मुलींसाठी तो असा होईल:

"नमस्कार. आमच्याकडे उसाच्या पट्ट्यातली बरीच घरं विहिरीचं पाणी पितात. उसाला युरिया पडतो, मग पाऊस येतो. त्या युरियातून होणारं नायट्रेट विहिरीत उतरतं का, हा आमचा प्रश्न होता. आम्ही चोवीस विहिरी घेतल्या, बारा उसाला लागून, बारा गावठाणात. त्याच विहिरींचं पाणी मेमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तपासलं. हा आलेख बघा. एक रेघ म्हणजे एक विहीर. ही तुटक रेघ पंचेचाळीसची, पिण्याच्या पाण्याची मर्यादा. मेमध्ये पाच विहिरी हिच्या वर होत्या, नोव्हेंबरमध्ये अकरा. वर गेलेल्या सहांपैकी पाच उसाला लागून आहेत. पण ही विहीर बघा, सोळा नंबरची, ती उलट खाली आली. तिच्या शेजारून ओढा जातो, पावसाचं पाणी थेट आत येतं, असं आम्हाला वाटतं. ते आम्ही तपासलेलं नाही. खताची मात्राही मोजलेली नाही, त्यामुळे कारण खतच आहे असं आम्ही म्हणत नाही."

इथे बोट कुठे ठेवायचं तेही ठरलेलं आहे: आलेखावर, तुटक रेघेवर, सोळा नंबरवर. मजकूर वाचून दाखवायचा नाही, आणि पाठ बोर्डाकडे राहील असं उभं राहायचं. दोघी असतील तर काम वाटून घ्यावं, पण प्रत्येकीला सगळं यायला हवं. "हे तिने केलंय" हे उत्तर दोघींचेही गुण घालवतं.

सराव दुसऱ्या विभागाच्या प्राध्यापकांपुढे घ्या. रसायनवाल्यांपुढे इतिहासाचे प्राध्यापक हवेत आणि इतिहासवाल्यांपुढे गणिताचे. त्यांना हे प्रश्न द्या: यात तुम्ही स्वतः हाताने काय केलं? चोवीसच का, आणि याच चोवीस का? पावसाने पाणी पातळ व्हायला हवं होतं, नायट्रेट वाढलं कसं? काय जमलं नाही? पुन्हा केलंत तर काय बदलाल? तिसऱ्या प्रश्नावर मुलींना एवढं सांगता आलं पाहिजे की नायट्रेटवर ऋण भार असतो, मातीचे कणही बहुतांशी ऋण भाराचे, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही आणि झिरपणाऱ्या पाण्याबरोबर ते खाली जातं. पातळ होणं आणि झिरपणं दोन्ही घडतं, कुठे एक वरचढ, कुठे दुसरं. आणि जे माहीत नाही त्याला "हे आम्ही तपासलं नाही, तपासायचं तर असं तपासू" हे पूर्ण उत्तर आहे. हे उत्तर देण्याचाही सराव लागतो, कारण मुलांना वर्गात "माहीत नाही" म्हणायची सवय नसते.

त्या दिवशीच्या पिशवीत: मूळ वह्या, प्रमाण द्रावणांचा आलेख, संमतिपत्रं, पोस्टरच्या ए-४ आकाराच्या १०-१२ प्रती, पेनड्राइव्हवर पीडीएफ, जाड पुशपिना, बाइंडर क्लिपा, सुतळी, कात्री, चिकटपट्टी. बोर्ड प्लायवूडचा निघाला तर बारीक टाचण्या वाकतात, आणि नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर फ्लेक्स दुपारपर्यंत निसटतो. दुकानातूनच चार कोपऱ्यांना रिंगा मारून आणल्या तर सुतळीने कुठेही बांधता येतो. यंत्र किंवा मॉडेल असेल तर एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या, आणि वीज गेली तर दाखवायला चालू यंत्राचा ३० सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलवर ठेवा.

तोंडी फेरीसाठी पोस्टरचेच तुकडे करून स्लाइड बनवू नका. मिनिटाला एक स्लाइड या हिशेबाने मोजक्या ठेवा, आलेख एकच पण टप्प्याटप्प्याने उलगडा: आधी रिकामा अक्ष आणि ४५ ची रेघ, मग मेचे ठिपके, मग नोव्हेंबरच्या रेघा. आभाराच्या स्लाइडनंतर तीन राखीव स्लाइड ठेवा: सर्व २४ विहिरींचा तक्ता, प्रमाण आलेख, चाचणीचं गणित. प्रश्न येताच तिथे जाता येतं.

अशा प्रकल्पात एक काम स्पर्धेच्या आधीचं आहे. पोस्टरवर विहिरीला फक्त क्रमांक द्या, मालकाचं नाव किंवा गट नंबर नको. पण ज्यांची विहीर मर्यादेबाहेर निघाली त्यांना तो आकडा पोस्टर छापण्याआधी घरी जाऊन सांगायला मुलींना पाठवा, लेखी चिठ्ठीसह. चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यात: तारीख आणि आकडा, हे पाणी सहा महिन्यांखालच्या बाळाच्या वरच्या दुधात वापरू नये, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. त्या चिठ्ठीची एक प्रत वहीत चिकटवा.